विसरभोळे महाजाल आणि उघड्या राहणाऱ्या जोडण्या

सांगली जिल्ह्यातील विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्यालय. यंत्रमाग आणि कुक्कुटपालन हे या गावाचे परिचित व्यवसाय. सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायामुळे या परिसरातील कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत. गलाईचे दुकान दूर दक्षिणेत किंवा उत्तरेत, आणि शेतजमीन मात्र विट्याजवळच्या गावी, अशी स्थिती अनेक घरांत आढळते. अशा कुटुंबातील व्यक्तीला गावच्या जमिनीचा सातबारा पाहायचा असेल, तर आज ती संगणकापुढे किंवा मोबाइलवर बसून जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक अशी एकेक निवड करीत जाते. पाहणाऱ्याला हे एकच सलग काम वाटते. पलीकडच्या सर्व्हरच्या दृष्टीने मात्र ती चार-पाच सुटी कामे असतात आणि एका कामाची आठवण दुसऱ्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

संकेतस्थळे तयार करणाऱ्यांपुढे येथूनच एक जुना प्रश्न उभा राहतो. पहिल्या विनंतीच्या वेळी उघडलेली फाइल किंवा डेटाबेसशी जुळवलेली जोडणी दुसऱ्या विनंतीसाठी तशीच उघडी ठेवता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर संकेतस्थळ ऐन गर्दीत बंद पडू शकते. क्वचित एकाची माहिती दुसऱ्याच्या पडद्यावरही दिसू शकते. म्हणून हा विषय केवळ प्रोग्रामरच्या सोयीचा राहत नाही.

विनंती आणि उत्तर

रेल्वे आरक्षणाच्या संगणकीकरणाला आपल्याकडे १९८०च्या दशकात प्रारंभ झाला. खिडकीवरील संगणक-पडदा तेव्हा मध्यवर्ती संगणकाला स्वतंत्र तारेने जोडलेला असे. कारकून कामावर असेपर्यंत ती जोडणी जिवंत राही आणि समोर कोण बसले आहे, हे मध्यवर्ती संगणकाला ठाऊक असे. ऑगस्ट २००२ मध्ये महाजालावरून रेल्वेची तिकिटे मिळू लागली. त्यानंतर खिडकीची जागा घरोघरच्या ब्राउझरने घेतली आणि जोडणीचे स्वरूपही बदलले.

महाजालाची मूळ आखणी टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत केली. एचटीटीपी हा तिचा संवादाचा नियम अगदी साधा आहे. ब्राउझरने विनंती करायची, सर्व्हरने उत्तर द्यायचे आणि व्यवहार तेथेच संपवायचा. पुढची विनंती आली की ती संपूर्ण नवी मानायची. हा विसरभोळेपणा हेतुपुरस्सर ठेवलेला आहे. प्रत्येक वाचकाची आठवण सांभाळण्याचे ओझे नसल्यामुळेच एक सर्व्हर हजारो लोकांना पुरा पडतो आणि एकाच्या जागी दहा सर्व्हर बसवणेही सोपे जाते.

१९९७ साली आलेल्या एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीत ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील तार काही काळ चालू ठेवण्याची सोय रूढ झाली. येथे अनेकांचा गोंधळ होतो. ही तार चालू राहिली, तरी विनंतीचे काम करणारी स्क्रिप्ट चालू राहत नाही. टेलिफोन न ठेवता दोन वेगवेगळे प्रश्न विचारावेत आणि पलीकडे प्रत्येक प्रश्नाला नवीन माणसाने उत्तर द्यावे, तसा हा प्रकार आहे.

स्क्रिप्टचे अल्प आयुष्य

संकेतस्थळावर प्रोग्राम चालवण्याची पहिली रूढ पद्धत म्हणजे सीजीआय. अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरबरोबर ती १९९३ मध्ये प्रचारात आली. या पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी एक नवी प्रोसेस जन्माला येते, उत्तर लिहिते आणि संपते. प्रोसेस संपताच कार्यप्रणाली तिने उघडलेल्या सर्व फाइली बंद करते, घेतलेली स्मृती परत घेते आणि नेटवर्कवरील जोडण्या तोडते. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली पीएचपी ही भाषाही याच घराण्यातली. पुढे ती सर्व्हरच्या पोटात बसून चालू लागली आणि दर वेळी नवी प्रोसेस निर्माण करण्याचा खर्च वाचला. तरीही विनंती संपली की स्क्रिप्टचे चल, फाइली आणि जोडण्या पुसून टाकायच्या, हा नियम तिने कायम ठेवला.

विट्यातल्या यंत्रमागाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. धोट्यातील कांडी संपली की माग क्षणभर थांबतो, नवी कांडी भरली जाते आणि विणकाम पुढे चालू होते. बीमवरचा उभा ताणा मात्र तसाच ताणलेला राहतो. सीजीआयच्या पद्धतीत कांडीबरोबर ताणाही दर वेळी कापला जातो आणि नव्याने भरला जातो. ताणा भरायला लागणारा वेळ ज्याला माहीत आहे, त्याला प्रत्येक विनंतीला डेटाबेसची जोडणी नव्याने उघडण्याचा खर्च वेगळा सांगावा लागणार नाही.

क्रमांक जपला, फाइल गेली

नवशिका प्रोग्रामर यावर एक उपाय सुचवतो. पहिल्या विनंतीत फाइल उघडावी, तिचा ओळखक्रमांक सेशनमध्ये ठेवावा आणि पुढच्या विनंतीत तो काढून वापरावा. हा उपाय चालत नाही आणि तो का चालत नाही, हे समजले की विषयाचा निम्मा भाग उलगडतो.

युनिक्स किंवा लिनक्सवर फाइल उघडली की प्रोग्रामला एक लहानसा अंक मिळतो. ०, १ आणि २ हे अंक प्रमाण निविष्टी, प्रमाण निर्गत आणि त्रुटी यांसाठी राखलेले असतात. पुढची फाइल उघडली की सामान्यतः ३ मिळतो. हा अंक म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात त्या एका प्रोसेससाठी ठेवलेल्या तक्त्यातील ओळ होय. प्रोसेस संपली की तक्ताही संपतो. दुसऱ्या प्रोसेसचा तक्ता निराळा असल्यामुळे तेथे ३ हा अंक भलत्याच फाइलचा असू शकतो किंवा कशाचाच नसू शकतो. बँकेच्या एका शाखेत मिळालेला पितळी बिल्ला दुसऱ्या शाखेत नेऊन दाखवला, तर त्यावर पैसे मिळत नाहीत. बिल्ल्यावरचा क्रमांक खरा असला, तरी त्यामागची नोंद त्या शाखेच्या वहीतच असते.

सेशनमध्ये ठेवता येते ती केवळ माहिती. पीएचपीमध्ये सेशनचा मजकूर सामान्यतः अक्षररूपात फाइलमध्ये लिहिला जातो आणि पुढच्या वेळी वाचला जातो. नाव, गट क्रमांक, निवडलेले गाव अशा गोष्टी अक्षरांत उतरतात. उघडी फाइल किंवा चालू जोडणी ही कार्यप्रणालीची जिवंत नोंद असल्यामुळे ती अक्षरांत उतरत नाही.

फाइलीसाठी योग्य मार्ग

फाइलीच्या बाबतीत उपाय सोपा आहे. फाइलचे नाव आणि आपण कितव्या बाइटपर्यंत वाचले, एवढे दोन तपशील जपावेत. पुढच्या विनंतीत फाइल पुन्हा उघडावी आणि थेट त्या ठिकाणी जावे. स्थानिक डिस्कवरील फाइल उघडायला लागणारा वेळ इतका थोडा असतो की तो वाचवण्यासाठी आटापिटा करण्याचे कारण नसते. मात्र मधल्या काळात फाइल बदललेली असू शकते. म्हणून तिचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ यांचीही नोंद ठेवून ती ताडून पाहणे हिताचे असते.

कुलपाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दोघांनी एकाच वेळी एका फाइलमध्ये लिहू नये म्हणून प्रोग्राम तिला तात्पुरते कुलूप लावतो. फाइल बंद होताच हे कुलूप सुटते. त्यामुळे ते दोन विनंत्यांमध्ये टिकत नाही आणि टिकावे अशी इच्छाही धरू नये. अर्ज अर्धवट भरून एखादा माणूस चहाला गेला आणि परतलाच नाही, तर बाकीच्यांनी किती वेळ ताटकळायचे? यावर रूढ तोडगा असा की प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक द्यावा. अर्ज दाखवताना तो क्रमांक सोबत पाठवावा आणि अर्ज परत आल्यावर तोच क्रमांक कायम आहे की नाही, हे पाहावे. क्रमांक बदलला असेल, तर मधल्या काळात दुसऱ्या कोणी फेरफार केला आहे, हे वापरणाऱ्यास स्पष्ट सांगावे.

सेशनची फाइलही याला अपवाद नाही. पीएचपीची नेहमीची व्यवस्था स्क्रिप्ट संपेपर्यंत सेशनच्या फाइलला कुलूप लावून ठेवते. एकाच व्यक्तीने दोन खिडक्यांत दोन पाने मागितली, तर दुसरे पान पहिले संपेपर्यंत थांबून राहते. संकेतस्थळ संथ असल्याची तक्रार पुष्कळदा या एका कारणाने उद्भवते. सेशनमधील लिहिण्याचे काम झाले की ते लगेच बंद करावे, हा त्यावरचा उपाय आहे.

जोडणी कोणी धरून ठेवायची?

डेटाबेसची जोडणी फाइलपेक्षा महाग असते. दोन संगणकांमध्ये आधी नेटवर्कचा तिहेरी नमस्कार होतो, मग नाव आणि परवलीचा शब्द तपासला जातो आणि डेटाबेस त्या जोडणीसाठी स्मृती राखून ठेवतो. पोस्टग्रेएसक्यूएल तर प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. हा खर्च दर विनंतीला करायचा नसेल, तर जोडणी अशा प्रोग्रामच्या हाती द्यावी लागते, जो विनंती संपल्यावरही जिवंत राहतो.

या दिशेने १९९०च्या दशकाच्या मध्यापासून प्रयत्न झाले. ओपन मार्केट या कंपनीने फास्टसीजीआय ही पद्धत मांडली. तीत एकच प्रोसेस एकामागून एक अनेक विनंत्या हाताळते. पर्ल भाषा अपाचे सर्व्हरच्या पोटात बसवणारे मॉडपर्ल १९९६ मध्ये आणि जावाचे सर्व्हलेट १९९७ मध्ये आले. पीएचपीने मायएसक्यूएलसाठी टिकाऊ जोडणीचे वेगळे फंक्शन दिले. पीएचपी ७.० मध्ये, डिसेंबर २०१५ मध्ये, मायएसक्यूएलचे ते जुने एक्स्टेन्शनच काढून टाकण्यात आले. टिकाऊ जोडणीची सोय नव्या एक्स्टेन्शनमध्ये कायम आहे.

मात्र टिकाऊ जोडणी ही वापरणाऱ्याच्या नावाने राखलेली नसते. ती काम करणाऱ्या प्रोसेसच्या हाती असते. विट्यातील एका व्यक्तीची पहिली विनंती एका प्रोसेसकडे आणि दुसरी भलत्याच प्रोसेसकडे जाऊ शकते. म्हणून पहिल्या विनंतीत सुरू केलेला डेटाबेसचा व्यवहार दुसऱ्या विनंतीत पूर्ण करीन, असा बेत टिकाऊ जोडणीच्या भरवशावर करता येत नाही. प्रत्येक व्यवहार त्याच विनंतीत पूर्ण करावा किंवा रद्द करावा. अनेक टप्प्यांचे काम असेल, तर अर्धवट नोंदी वेगळ्या तक्त्यात साठवाव्यात आणि शेवटच्या टप्प्यात त्या एकदम पक्क्या कराव्यात.

संख्येचे गणित

टिकाऊ जोडण्यांचा दुसरा धोका त्यांच्या संख्येत आहे. मायएसक्यूएल मूळ मांडणीत १५१ जोडण्यांना आणि पोस्टग्रेएसक्यूएल १०० जोडण्यांना परवानगी देतो. अपाचेची जुन्या धाटणीची मांडणी मात्र २५६ प्रोसेसपर्यंत जाऊ शकते. प्रत्येक प्रोसेसने एकेक जोडणी धरून ठेवली, तर १५१ नंतरच्या साऱ्यांना ‘जोडण्या फार झाल्या’ असे उत्तर मिळते. त्या वेळी धरलेल्या जोडण्यांपैकी निम्म्या रिकाम्या बसलेल्या असल्या, तरी त्याचा उपयोग होत नाही. शालान्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशी सांगली, सातारा आणि कोल्हापूर या कोल्हापूर विभागीय मंडळाच्या जिल्ह्यांतच नव्हे, तर राज्यभर एकाच तासात निकाल पाहिला जातो. असा तास डोळ्यांपुढे ठेवूनच हे गणित मांडावे लागते.

त्यासाठी जोडण्यांचा सामाईक साठा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. मध्ये बसलेला एक प्रोग्राम मोजक्या जोडण्या उघड्या ठेवतो, मागेल त्याला क्षणभर देतो आणि काम होताच परत घेतो. पोस्टग्रेएसक्यूएलसाठी २००७ च्या सुमारास स्काइपमध्ये तयार झालेला पीजीबाउन्सर हा याच जातीचा. एका प्रश्नाला १० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर एक जोडणी सेकंदाला १०० प्रश्न निकालात काढते आणि २० जोडण्या २,००० प्रश्न. प्रत्यक्षात हा आकडा कमी भरतो, परंतु थोड्या जोडण्या मोठ्या गर्दीला कशा पुरतात, हे त्यावरून ध्यानात येते.

उष्ट्या जोडणीचा धोका

एकाने वापरलेली जोडणी दुसऱ्याला देताना ती स्वच्छ असली पाहिजे. आधीच्या विनंतीने व्यवहार अर्धवट सोडला असेल, तक्त्याला कुलूप लावले असेल किंवा तात्पुरते तक्ते तयार केले असतील, तर ते सारे पुढच्याच्या माथी येते. स्क्रिप्ट मध्येच बंद पडली की ही शक्यता वाढते. म्हणून जोडणी परत घेताना अर्धवट व्यवहार रद्द करणे आणि तिची स्थिती मूळपदावर आणणे आवश्यक ठरते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे. पीएचपीचे मायएसक्यूएलसाठीचे सुधारित एक्स्टेन्शन टिकाऊ जोडणी पुन्हा देण्यापूर्वी अशी साफसफाई स्वतःच करते.

ही काळजी किती आवश्यक आहे, हे २० मार्च २०२३ रोजी साऱ्या जगाने पाहिले. ओपनएआय कंपनीच्या चॅटजीपीटी या सेवेत काही जणांना इतरांच्या संभाषणांची शीर्षके दिसू लागली आणि सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. कंपनीने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार दोष रेडिस या साठवण-प्रणालीशी बोलणाऱ्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या एका लायब्ररीत होता. प्रश्न पाठवल्यानंतर आणि उत्तर घेण्यापूर्वी एखादी विनंती रद्द झाली, तर तिचे उत्तर सामाईक साठ्यातील जोडणीत पडून राही. पुढे ती जोडणी ज्याच्या वाट्याला येई, त्याला आधीच्याचे उत्तर मिळे. सशुल्क सदस्यांपैकी त्या काळातील नऊ तासांच्या एका टप्प्यात सक्रिय असलेल्या १.२ टक्के लोकांचे नाव, ई-मेल, पत्ता आणि कार्डाचे शेवटचे चार अंक असे तपशील इतरांना दिसले असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली. मोठे मनुष्यबळ असलेल्या कंपनीलाही उघड्या ठेवलेल्या जोडणीची शिस्त एका सूक्ष्म फटीतून हुकली.

दुसरा दोष साधा, पण रोजच्या अनुभवाचा आहे. मायएसक्यूएल मूळ मांडणीत २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, स्वस्थ असलेली जोडणी आपल्या बाजूने तोडतो. एखादे कार्यालय संध्याकाळी सहाला बंद होऊन सकाळी दहाला उघडत असेल, तर मध्ये सोळा तास जातात. प्रोग्राम मात्र जोडणी जिवंत आहे, या समजुतीत असतो आणि सकाळची पहिली विनंती नेमकी फसते. दुसऱ्या प्रयत्नात सारे सुरळीत चालते, त्यामुळे दोष सापडत नाही. जोडणी वापरण्यापूर्वी ती जिवंत आहे का, हे तपासणे किंवा ठरावीक काळानंतर ती स्वतःहून बदलणे, एवढा बंदोबस्त पुरेसा होतो.

खरोखर सलग जोडणी हवी असेल तेव्हा

काही कामांना खंड चालत नाही. वजनकाट्याला जोडलेली तार, सतत बदलणारे सोन्याचे भाव किंवा दोन व्यक्तींमधील गप्पा ही त्याची उदाहरणे. अशा वेळी अखंड चालणारा एक स्वतंत्र प्रोग्राम ठेवावा. जोडणी त्याने सांभाळावी आणि अल्पायुषी स्क्रिप्टने केवळ त्याला निरोप द्यावा व त्याचे उत्तर घ्यावे. २००९ मध्ये रायन डाल यांनी प्रसिद्ध केलेले नोड.जेएस आणि २०११ मध्ये प्रमाण ठरलेली वेबसॉकेट पद्धत यांमुळे ब्राउझरपर्यंतची तारही अखंड ठेवणे सोपे झाले. येथेही प्रोसेस मध्येच बंद पडू शकते, हे गृहीत धरून महत्त्वाची नोंद डेटाबेसमध्ये ठेवावीच लागते.

ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये लॅम्डा ही सेवा जाहीर केल्यापासून तर सर्व्हरच न ठेवता गरजेपुरता प्रोग्राम चालवण्याची रीत वाढली आहे. तेथे प्रोग्रामच्या प्रती गर्दीप्रमाणे वाढतात आणि काम नसताना नाहीशा होतात. प्रत्येक प्रतीने आपापली जोडणी उघडली की संख्येचे तेच जुने गणित नव्या रूपात समोर येते. सीजीआयच्या काळातला प्रश्न यामुळे आजही शिकण्याजोगा राहिला आहे.

वापरणाऱ्याने काय ओळखावे?

सामान्य वाचकाला यातील दोन गोष्टी जाणण्यासारख्या आहेत. बँकेच्या किंवा शासकीय संकेतस्थळावर ‘सेशन संपले, पुन्हा प्रवेश करा’ असा संदेश येतो, तेव्हा तो बहुधा बिघाड नसतो. किती वेळ आठवण ठेवायची, याची मर्यादा जाणूनबुजून घातलेली असते. उलट, स्वतःच्या खात्यात प्रवेश केल्यावर भलत्याच व्यक्तीचे नाव किंवा भलतीच नोंद दिसली, तर पान पुन्हा उघडून विषय सोडून देऊ नये. दिनांक आणि वेळेसह ती बाब संबंधितांना कळवावी. कारण जी जोडणी आपल्याला दुसऱ्याचे दाखवते, ती आपलेही तिसऱ्याला दाखवू शकते.

गावापासून शेकडो मैल दूर राहून जमिनीच्या आणि पैशाच्या नोंदी पडद्यावर पाहणाऱ्या विट्याच्या गलाई व्यावसायिकांसारख्या कुटुंबांना हा भेद ठाऊक असणे उपयोगाचे आहे. संकेतस्थळ बनवणाऱ्यांसाठी सूत्र याहून थोडक्यात सांगता येते. विनंत्यांमध्ये जपायची ती माहिती, फाइल दर वेळी नव्याने उघडायची आणि जोडणी टिकवायचीच असेल, तर ती मोजून घ्यायची व धुऊन परत ठेवायची.